लोणावळ्याचा मेळावा आणि रेकॉर्ड न झालेली दहा मिनिटं

रेल्वे इतिहासाच्या वेडाने आम्ही वर्षातून एकदा जमतो. यंदाचा मेळावा लोणावळ्यात होता, म्हणजे थेट बोरघाटाच्या माथ्यावर. कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे चढावर ढकलणारी जादा इंजिनं, लागले, तो ओळखीचा हलका धक्का बसला आणि डब्यातले आमच्यापैकी सहा-सात जण एकाच वेळी खिडकीकडे सरकले. शेजारच्या शाळकरी मुलाला मी सांगितलं, घाट चढणारी ही गाडी रेल्वेच्या भाषेत 'डाऊन' आणि उतरणारी 'अप', कारण सगळी मोजणी मुंबईपासून. त्याला ते अजिबात पटलं नाही. पण १:३७ चा चढ म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, हे त्याने बोटांवर मोजून पाहिलं.

मुक्कामाची खोली दमट होती, जेवण उत्तम होतं.

दोन दिवस भाषणं झाली. १९२९ साली बंद झालेल्या रिव्हर्सिंग स्टेशनचे जुने फोटो पाहिले. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. 'खेकडा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या विजेच्या इंजिनाचं कण्हणंही कोणीतरी ऐकवलं. अंगावर काटा आला. मला इंजिनं मनापासून आवडतात, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी अस्वस्थ झालो होतो. १८६३ साली हा घाट सुरू झाला. त्याआधी, १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट पुरं करून घेतलं. मुख्य अभियंता बर्कलीही घाट सुरू होण्याच्या आदल्या वर्षी गेला. हे सगळं एका वाक्यात उरकलं. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर इथे राबत होते, पटकीच्या साथीत माणसं पटापट मरत होती, त्यावर तर पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरातली एकच ओळ.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा कॅमेरा बंद करून वायर गुंडाळणं चाललं होतं. मागच्या रांगेतून एक काका उठले. घाटातच गँगमन म्हणून, म्हणजे रुळांची देखभाल आणि राखण करायची, नोकरी करून निवृत्त झालेले. म्हणाले, "मला प्रश्न नाही, थोडं सांगायचंय." संयोजकांनी घड्याळाकडे पाहिलं, त्याचा मला अजून राग आहे.

काकांनी पावसाळ्यातली रात्रीची गस्त सांगितली. खांद्यावर सामान, हातात कंदील, खिशात फटाके, म्हणजे रुळावर लावायचे, गाडीचं चाक वरून गेलं की फुटून ड्रायव्हरला धोक्याचा इशारा देणारे. धुकं असं की स्वतःच्या पायाखालचा स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी पट्टी, दिसत नाही. दरड पडणार असेल तर आधी बारीक खडी घरंगळते, पण पावसाच्या आवाजात ती ऐकू येत नाही. म्हणून ते मध्येच थांबायचे, टोपी मागे सारायचे आणि नुसते उभे राहायचे. आपली हद्द संपली की पलीकडच्या गस्तवाल्याला भेटायचं, त्याची गस्तीची वही घ्यायची, आपली त्याला द्यायची आणि परत फिरायचं.

"आणि तो आलाच नाही तर?" मी विचारलं.

"तर परत फिरायचं नाही. तो भेटेपर्यंत पुढं चालायचं."

एका रात्री सोबती आला नाही. काका बोगद्यातून चालत पुढे गेले. पलीकडच्या तोंडाशी रुळावर मोठा धोंडा पडला होता आणि तिथे कोणीच नव्हतं. त्यांना वाटलं, माणूस खाली दरीत गेला. मग दूरवर लाल दिवा हलताना दिसला. सोबती ६०० मीटरवर एक फटाका लावून पुढे १२०० मीटरवर पोचला होता, आणि दहा-दहा मीटरवर तीन फटाके लावून गाडीची वाट बघत एकटा उभा होता. काका दुसऱ्या बाजूला धावले आणि तिकडचे फटाके त्यांनी लावले.

"वही सकाळी दिली त्याला," एवढं बोलून ते खाली बसले.

टाळ्या वाजल्या, चहा आला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्याच रात्री खोलीत बसून, आठवेल तसं, हे सगळं वहीत उतरवून काढलं. संयोजकांना पत्रही लिहिलंय: पुढच्या वर्षी पहिला पूर्ण तास काकांना द्या, कॅमेरा सुरू ठेवून.