आमची वाटचाल : शुद्धिपत्राच्या आधीचं काम

कोल्हापुरात बसून नवशिक्यांसाठी मराठीत प्रोग्रॅमिंगची पुस्तकं काढायची, तर कथा-कादंबऱ्यांच्या मुद्रितशोधनाची पद्धत पुरत नाही. कादंबरीत वेलांटी चुकली तरी वाचक पुढं जातो. इथं एक कंस गळला की प्रोग्रॅम अडतो, आणि नवखी मुलं पुस्तकावर नव्हे, स्वतःच्या अकलेवर शंका घेतात. हे आम्हाला फार लागतं.

पूर्वी कोड डीटीपीत, म्हणजे संगणकावर पानं जुळवताना, नव्यानं टाइप व्हायचा. सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार व्हायची. छापील पानावरून टाइप करणाऱ्याला ती नडत नाहीत. ई-पुस्तकातून कॉपी करणाऱ्याला मात्र लगेच सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक, दिसते. आता प्रत्येक उदाहरणाची वेगळी फाइल असते, ती चालवूनच पानात घेतो. छपाईची प्लेट निघण्याआधी एक जण फक्त प्रुफावरून, मूळ फाइल न बघता, सगळा कोड टाइप करून चालवतो.

ओळीची लांबीही आधी ठरवतो. डेमी आकाराच्या पानावर मजकुराची रुंदी सव्वाचार इंच धरली, तर १० पॉइंटच्या कुरियर या टंकात (फाँटमध्ये) जेमतेम ५१ अक्षरं बसतात. त्यापुढची ओळ डीटीपीत तुटते, आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्या तुकड्याला नवी ओळ समजते. म्हणून लांब ओळ कंसाच्या आतच तोडायची.

सगळ्यात घातक चूक म्हणजे चालणारी चूक. १ ते १० ची बेरीज करताना ‘रेंज’ या आकड्यांची रांग देणाऱ्या आज्ञेत १ आणि १० लिहिलं, तर शेवटचा १० धरलाच जात नाही, ५५ ऐवजी ४५ येतात, आणि एररही येत नाही. अशी चूक कळली की विक्रेत्यांकडच्या प्रतींतही त्याच पानावर चिठ्ठी चिकटवतो. सुरुवातीचं शुद्धिपत्र कोण उघडून बघतं? चिठ्ठीवर आवृत्ती, पान, ओळ, चुकीचं, बरोबर, एवढंच. शुद्धलेखनाच्या चुका पुनर्मुद्रणापर्यंत थांबतात.

पुनर्मुद्रणात पान सरकू द्यायचं नाही, नाहीतर जुन्या प्रतीतला पान क्रमांक वर्गात जुळत नाही. कोड बदलला की खालचं आउटपुटही पुन्हा काढायचं. निम्मी दुरुस्ती तिथंच फसते.

भाषाच बदलली तर चिठ्ठी भागवत नाही. पायथन २ या जुन्या आवृत्तीला निर्मात्यांकडून मिळणारा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्यातली उत्तर पडद्यावर दाखवणारी बिनकंसाची ‘प्रिंट’ आज्ञा पायथन ३ मध्ये चालत नाही. अशा पुस्तकाची नवी आवृत्तीच काढायची, आणि उरलेल्या जुन्या प्रती विक्रीतून काढून घ्यायच्या.