नायकाचं आडनाव काय?

पुस्तकात खाणाखुणा करू नयेत, असा शिक्का आमच्या एरंडवण्यातल्या लायब्ररीच्या प्रत्येक पुस्तकावर आहे आणि पहिला शेरा बहुधा त्या शिक्क्याच्या खालीच असतो. "एकदा वाचायला ठीक." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "एकदाही नको." प्रेमकथा असली तर मग विचारूच नका. नायिका नायकाच्या तोंडावर दार लावते तिथे समासात "शाब्बास!" तो भर पावसात तिच्या घराखाली उभा राहतो तिथे "याला कामधंदा नाही." कॉलेजच्या निवडणुकीतले दोन प्रतिस्पर्धी शेवटी एकमेकांच्या गळ्यात पडतात, तिथे कुणा गृहस्थांनी (अक्षरावरून निवृत्त मास्तर वाटतात) लाल शाईने "असंभाव्य" लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत.

वर्तमानपत्रातल्या परीक्षणांपेक्षा मला हे शेरे जास्त आवडतात. परीक्षण लिहिणाऱ्याला लेखक पुढेमागे कुठल्या तरी समारंभात भेटणार असतो. समासात लिहिणाऱ्याला कुणाची भीड नाही.

माझी भाची अकरावीत आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी ज्या इंग्रजी कादंबऱ्या एकमेकींत फिरवतात, त्यांत सध्या एकाच मालाला उठाव आहे. आधी वैर, मग प्रेम. एकाच स्कॉलरशिपसाठी दोघं झगडतात, एकाच बक्षिसावर दोघांचा डोळा, दोनशे पानं टोमणे आणि मग एकदाचं ते. या प्रकाराला त्या 'एनिमीज टू लव्हर्स' म्हणतात आणि एखाद्या पट्टीच्या आचाऱ्याने चव घ्यावी तशी मतं देतात. "वैर मस्त जमलंय, प्रेम बोअर आहे," हे भाचीचं परवाचं मत. शंभर टक्के मान्य. भांडताना माणसाला सुचतं, प्रेमात पडल्यावर तो नुसता बघत बसतो. लेखकाचंही तेच होत असावं.

असलं वैर पुण्याला नवीन नाही. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिराच्या दारात पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी उभं राहावं. 'आव्वाज कुणाचा' म्हणून घसा फुटेपर्यंत ओरडणारी, दुसऱ्या कॉलेजच्या एकांकिकेला नाकं मुरडणारी ही पोरंपोरी चार वर्षांनी एकमेकांच्या लग्नपत्रिकेत दिसतात. माझ्या माहितीतच अशी जोडपी आहेत. अजूनही आपापल्या कॉलेजवरून भांडतात आणि सुखात आहेत. पण त्या भांडणात एक गोष्ट आधीपासून पक्की असते. रंगमंच एकच, परीक्षक तेच, नियम तेच. दोघं एका पातळीवर उभे असतात म्हणून हरण्यातही गंमत असते.

घोटाळा होतो तो वैराच्या जागी पूर्वग्रह आला की. मागच्या रविवारी ताईच्या घरी जेन ऑस्टेनवरून जे पेटलं ते यावरूनच. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' 1813 ची. ताईने बी.ए.ला अभ्यासली, भाचीच्या मैत्रिणीने सुट्टीत. नायिका एलिझाबेथ एकविशीचीही नाही, तेव्हा या मुलींना ती आपल्यातलीच वाटते. मैत्रिणीने पोह्यांवर लिंबू पिळता पिळता जाहीर केलं की नायक डार्सी हा चालताबोलता 'रेड फ्लॅग', म्हणजे धोक्याची खूण आहे. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. गेली तीस-पस्तीस वर्षं तो तिचा आदर्श पुरुष आहे. आमच्या भावजींना हे माहीत आहे आणि त्यांनी ते मोठ्या मनाने सोसलं आहे.

"कसला रेड फ्लॅग? किती मनापासून मागणी घालतो तो!"

"काकू, मागणी घालताना तो काय बोलतो ते परत वाचा ना."

वाचलं. प्रेम अनावर झालंय म्हणतो आणि लगेच तिचं घराणं किती हलकं, तिचे नातेवाईक कसे, असं स्थळ करणं म्हणजे आपल्यासारख्याला केवढा कमीपणा, हेही तितक्याच कळकळीने ऐकवतो. दोनशे वर्षांपूर्वीचा हा इंग्रज समजायला आपल्याला टिपा लागत नाहीत. "मुलगी चांगली आहे हो, पण घर..." हे वाक्य कुठल्या दिवाणखान्यात बोललं जात नाही?

"पण तो सुधारतो!" ताई.

"वर्षाला दहा हजार पौंड आहेत त्याच्याकडे. सुधारायला परवडतं." भाची.

मग तिने जे मांडलं ते मला कुठल्याही प्रस्तावनेत वाचायला मिळालेलं नव्हतं. कादंबरीत दोघंही पूर्वग्रहाने आंधळे असतात, दोघंही शहाणे होतात, फिटंफाट, असं सगळे म्हणतात. पण एलिझाबेथने डार्सीबद्दल वाईट मत करून घेतलं तर त्याचं बिघडलं काय? चार रात्री झोप लागली नसेल. त्याने तिच्या घराबद्दल वाईट मत केलं आणि मित्राला लंडनमध्ये अडकवून तिच्या थोरल्या बहिणीचं त्याच्याशी जमत आलेलं मोडलं. "सेम कसं, मावशी?"

सेम नाहीच. पूर्वग्रह सगळ्यांकडे असतो, पण तो अमलात आणायची सोय सगळ्यांकडे नसते. मॅलोरी ब्लॅकमनची 'नॉट्स अँड क्रॉसेस' (2001) या मुलींना आवडली ती याचमुळे असं मला वाटतं. त्यात जग उलटं आहे. काळे लोक सत्तेत आणि गोरे खालचे. सेफी वरच्या घरची, कॅलम खालच्या. त्यात एक बारीकशी गोष्ट आहे. एका गोऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर जखमेची पट्टी असते आणि ती गडद तपकिरी असते, कारण पट्ट्या वरच्यांच्या कातडीला मिळत्याजुळत्याच बनतात. कुणी शिवी दिलेली नाही, हात उगारलेला नाही, नुसती पट्टी. भाचीने ते पान मला उघडून दाखवलं, आणि मग आम्ही दोघींनी घरातल्या औषधांच्या डब्यातल्या पट्टीचा रंग बघितला.

ताई मात्र म्हणाली, "हे सगळं तिकडचं."

तिकडचं असलं की वाचायला बरं पडतं हे खरं. मराठी कादंबरी हातात आली की आपलं पहिलं काम नायकाचं आडनाव शोधणं. बरेच लेखक हुशार असतात, ते आडनाव देतच नाहीत. नायक नुसताच समीर, नायिका नुसतीच नेहा, दोघांना गाव नाही की कुलदैवत नाही. लायब्ररीतल्या अशाच एका कादंबरीत, नायिका त्याला घरी घेऊन येते आणि वडील पेपर खाली ठेवतात त्या ओळीशेजारी, कुणीतरी एकच शब्द लिहिलाय. "आडनाव?" पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या पानावर ठसा उमटलाय. नायकाचा स्वभाव कसा, नोकरी काय, निर्व्यसनी आहे का, यांपैकी काहीही त्या वाचकाला पडलेलं नाही.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त (2004) मला म्हणूनच मजा वाटते. तिथे कुणी काही लपवत नाही. वर्गातली सगळी पोरं एकमेकांना आडनावानेच हाका मारतात आणि जोशी जिच्या प्रेमात पडतो ती अख्खं पुस्तकभर 'शिरोडकर'.

आणि वाचकाचा पूर्वग्रह नायकापर्यंत तरी कुठे थांबतो? तो मुखपृष्ठापासूनच कामाला लागतो. श्रीमंत आणि गरीब पोरांच्या टोळ्यांच्या वैरावरची 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली तेव्हा हिंटन पंधरा वर्षांची मुलगी होती. 1967 मध्ये पुस्तक आलं ते एस. ई. हिंटन या नावाने, कारण मुलीचं नाव दिसलं की पुरुष परीक्षक नाक मुरडतील असं प्रकाशकांना वाटलं. आपल्याकडे 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, वय वाढत चाललेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात होतं. वाचकांत खळबळ उडाली आणि गोष्टींइतकीच चर्चा ही बाई कोण याची झाली. मालतीबाई बेडेकरांनी स्वतःचं नाव का घातलं नसेल ते त्यावरून कळतं.

रविवारच्या त्या वादाचा निकाल लागला नाही. डार्सी पुढे एलिझाबेथच्या पळून गेलेल्या धाकट्या बहिणीचं लग्न स्वतःचे पैसे ओतून लावून देतो आणि कुणाला कळू देत नाही. ताईच्या मते याहून मोठी माफी नाही. मैत्रिणीच्या मते, नाचाच्या समारंभात तिला ऐकू जाईल असा तिच्या रूपाचा उद्धार केला, तर माफीही तशीच चारचौघांत हवी. भाची दोन्हीकडून बोलत होती. मध्येच मी विचारलं, "या डार्सीचं पहिलं नाव काय गं?" कुणालाच आठवेना. ताईलाही नाही, इतक्या वर्षांचा आदर्श असून. पुस्तक उघडून शोधलं. फिट्झविल्यम. म्हणजे तेही त्याच्या आईच्या माहेरचं आडनावच.

"बघा," ताई खूश झाली, "दोन्हीकडची घराणी नावातच! असं स्थळ कोण नाकारेल?"

"तिने नाकारलं ना, काकू," मैत्रीण म्हणाली. "तेवढं पान मला आवडलं."