दिसत नाही, तर बघता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तुमच्याआधी कितीतरी जणांनी विचारलंय म्हणून: एकटे न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेले अतिघन गाभे, सोबतीला दुसरा तारा नसलेले) क्ष-किरणांत छान दिसत असताना साध्या प्रकाशात त्यांना शोधायचा अट्टहास कशासाठी?

आरएक्स जे१८५६ घ्या. १९९६ मध्ये क्ष-किरणांतली ओळख पटली आणि वर्षभरात हबलच्या प्रतिमांत तो सापडला. तेजाची प्रत साधारण २५.६ (आकडा मोठा तितका तारा मंद), म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून काही कोटी पट मंद. तरीही क्ष-किरणांवरून हिशेब मांडला तर जितका उजळ असायला हवा, त्याच्या कित्येक पट तो उजळ आहे! हा जास्तीचा उजेड पृष्ठभागाच्या थंड भागांचा, की हायड्रोजनच्या पातळ थराची करामत, हे नुसत्या क्ष-किरणांवरून ठरत नाही.

हे झालं दुर्बिणीच्या वेळेसाठीच्या अर्जातलं उत्तर.

असाच एक तारा मलाही 'सापडला' होता. क्ष-किरणांनी दाखवलेल्या जागी, कित्येक प्रतिमा एकावर एक रचल्यावर उमटलेला निळसर ठिपका. आकाशाचा स्वतःचा उजेडच त्याच्या तीसेक पट, त्यातून वर आलेला. तीन वर्षांनी पुन्हा प्रतिमा घेतल्या. हे तारे जवळचे आणि वेगवान, त्यामुळे तो पिक्सेलभर तरी सरकायला हवा होता. जुनी आणि नवी प्रतिमा पडद्यावर आलटूनपालटून बघत बसलो. एक शेजारचा तारा किंचित हलला. माझा ठिपका ढिम्म. दूरची आकाशगंगा, दुसरं काही नाही. लेखाचा मसुदा तयार होता.

मंद आकाशगंगाही निळ्या असतात, फसायला कुणीही फसलं असतं, असं मी सांगत आलोय. पण पहिल्याच प्रतिमेत तो ठिपका जरासा लांबुळका होता. मला दिसलं होतं. हवेच्या थरथरीवर ढकलून मोकळा झालो. शेजारचे तारे गोल होते, तेही दिसलं होतं.

तेव्हाच्या मला विचारलं तर तो म्हणेल, इतक्या मंद ठिपक्याचा आकार कोण धरून बसतं? त्याचंही अगदीच चूक नाही.

त्याच ताऱ्यासाठी पुन्हा अर्ज केलाय. आता मात्र आधी त्या आकाशगंगेचा उजेड वजा करावा लागेल, आणि ती नेमकी त्याच जागेवर ठाण मांडून आहे.