टँजिअर: मुंबईसोबत आंदण गेलेले शहर

स्पेनच्या दक्षिण टोकावरील तारिफा बंदरातून सुटलेली बोट साधारण तासाभरात मोरोक्कोच्या टँजिअर बंदराला लागते. त्यामुळे युरोपच्या सहलीवर आलेले पुष्कळ प्रवासी सकाळी इथे उतरतात, दुपारी जेवून गालिच्यांच्या दुकानातून एक चक्कर मारतात आणि संध्याकाळच्या बोटीने परततात. पुढे फेस, माराकेश किंवा निळ्या शेफशाऊएनकडे जाणारेही टँजिअरला केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण मानतात. मला हा या शहरावर अन्याय वाटतो. फेसची भव्यता इथे नाही आणि मेदिना, म्हणजे तटबंदीच्या आतले जुने शहर, तर फारच लहान आहे. मात्र इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसासाठी उत्तर आफ्रिकेत याहून ओळखीचे शहर मिळणे कठीण आहे.

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली हे आपण शाळेत शिकतो. १६६१ च्या करारानुसार पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी विवाह ठरला आणि पोर्तुगीजांनी मुंबई बेट त्याला दिले, एवढे आपल्या पाठ्यपुस्तकात असते. त्याच करारात टँजिअरही होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या काळच्या लंडनच्या दृष्टीने या देण्यातला खरा ऐवज टँजिअर हाच होता, कारण भूमध्य समुद्र आणि अटलांटिक महासागर यांना जोडणाऱ्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर ते वसलेले आहे आणि इथे आरमार ठेवता आले तर भूमध्यात ये-जा करणाऱ्या जहाजांवर लक्ष ठेवणे शक्य होते. मुंबईचा ताबा मिळायला १६६५ साल उजाडले. तीन वर्षांनी राजाने ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली करून टाकले. टँजिअरवर मात्र त्याने वीस वर्षांहून अधिक काळ पैसा ओतला.

हा पैसा कुठे गेला हे पाहायचे असेल तर मेदिनेच्या वरच्या टोकाला असलेल्या कास्बाच्या तटावर जावे. किल्लेवजा तटबंदीच्या या भागात समुद्राच्या बाजूने उघडणारा बाब बहर नावाचा दरवाजा आहे. त्यातून बाहेर येताच संपूर्ण बंदर पायाखाली दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे स्पेनचे डोंगरही दिसतात. सामुद्रधुनीचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम चौदा किलोमीटरचा आहे. मात्र टँजिअरच्या उपसागराला वाऱ्यापासून पुरेसा आडोसा नाही. म्हणून इंग्रजांनी इथे समुद्रात दगडी धक्का बांधायला घेतला. ह्यू चोम्ली नावाच्या अभियंत्याकडे हे काम सोपवले होते. बांधलेला भाग वादळात वाहून जावा, पुन्हा बांधावा, पुन्हा लाटांनी तो फोडावा, असे वर्षानुवर्षे चालले. नंतर हेन्री शीअर्स या दुसऱ्या अभियंत्याने बांधणीची पद्धत बदलली आणि धक्का खोल पाण्यात शेकडो फूट आत गेला. तिकडे जमिनीच्या बाजूने मोरोक्कोच्या फौजांचा वेढा सुटत नव्हता, आणि टँजिअरमधल्या सैन्याचा उपयोग राजा आपल्याविरुद्धच करील या शंकेने इंग्लंडच्या पार्लमेंटने पैसे द्यायचे नाकारले.

अखेर शहर सोडायचे ठरले. त्यासाठी १६८३ मध्ये लॉर्ड डार्टमथच्या नेतृत्वाखाली जे आरमार आले, त्यात लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स होता. टँजिअरच्या कारभारासाठी नेमलेल्या समितीचा खजिनदार म्हणून त्याने अनेक वर्षे या शहराचा हिशेब ठेवला होता. आता इथल्या रहिवाशांच्या घरादारांची किंमत ठरवण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. शीअर्सला आपणच उभारलेला धक्का सुरुंग लावून उडवावा लागला, आणि तो इतका पक्का निघाला की हे काम काही महिने चालले. १६८४ च्या सुरुवातीस इंग्रज निघून गेले आणि सुलतान मौलाय इस्माईलच्या फौजा पडझड झालेल्या शहरात शिरल्या. कास्बातील आजची मशीद आणि दार अल् मखझन हा राजवाडा या पुनर्बांधणीच्या पर्वातले आहेत. राजवाड्यात आता संग्रहालय आहे. तिथले लाकडी कोरीव छत आणि अंगणातले झेलिज, म्हणजे रंगीत फरशीचे तुकडे जुळवून केलेले नक्षीकाम, मला तिथल्या मांडलेल्या वस्तूंपेक्षा अधिक पाहण्यासारखे वाटले.

ज्या बेटाला किरकोळ समजून भाड्याने दिले त्याचे महानगर झाले, आणि ज्याच्यावर खजिना रिता केला ते स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त करून सोडावे लागले. तटावर उभे राहून या दोन्हींचा एकत्र विचार करताना मला पोर्तुगीजांचेही आश्चर्य वाटत राहिले. टँजिअर घेण्यासाठी १४३७ मध्ये त्यांनी केलेली स्वारी सपशेल फसली होती. तहाची हमी म्हणून त्यांचा राजपुत्र फर्नांदू ओलीस राहिला आणि फेसच्या कैदेतच मरण पावला. १४७१ मध्ये शहर हाती आले ते एवढी किंमत मोजल्यावर, आणि पुढे ते लग्नाच्या देण्याघेण्यात सहज देऊन टाकले गेले.

कास्बातून खाली मेदिनेत उतरताना नकाशावर फारसे विसंबू नये. उतार समुद्राकडे आणि चढ कास्बाकडे, एवढे लक्षात ठेवले की माणूस फार भरकटत नाही. या बोळांमध्ये इब्न बतूताचे म्हणून दाखवले जाणारे थडगे आहे. पांढऱ्या चुन्याने रंगवलेली एक छोटी खोली, आत हिरव्या कापडाने झाकलेली कबर, आणि दाराशी राखणदार असला तरच आत जाता येते. तो खरोखर इथेच पुरला आहे याला परंपरेपलीकडे आधार नाही. पण तो याच शहरात १३०४ मध्ये जन्मला आणि १३२५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, हजसाठी इथूनच निघाला हे नक्की आहे. तो मोरोक्कोला परतला १३४९ मध्ये. तोवर त्याची आई प्लेगच्या साथीत टँजिअरमध्येच वारली होती, आणि तो गावी आला तो तिच्या कबरीचे दर्शन घ्यायला.

आपल्यासाठी या थडग्याचे महत्त्व वेगळे आहे. दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी म्हणून काही वर्षे काढल्यावर इब्न बतूता सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला आणि या वाटेवर तो दौलताबादला आला. देवगिरीचा किल्ला, त्यातली अंधारकोठडी आणि तिथले मांजराहूनही मोठे उंदीर, गाणे-बजावणे करणाऱ्यांची स्वतंत्र बाजारपेठ, हे सारे त्याने नोंदवून ठेवले आहे. मराठी स्त्रियांच्या रूपाची, विशेषतः त्यांच्या नाकाची आणि भुवयांची, त्याने केलेली स्तुती तर इतिहासकार आजही चवीने उद्धृत करतात. पुढे नंदुरबारला त्याला कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी भेटले. तिथले लोक भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, मांस खात नाहीत आणि जेवणापूर्वी आंघोळ करतात, हेही त्याने टिपले. चौदाव्या शतकातल्या मराठी मुलखाचे परक्या माणसाने डोळ्यांनी पाहून केलेले इतके तपशीलवार वर्णन फार दुर्मीळ आहे, आणि ते करणाऱ्याचे गाव हे आहे. शहराच्या विमानतळाला आणि बंदराजवळच्या एका नव्या संग्रहालयाला त्याचे नाव दिलेले आहे. त्या मानाने थडग्याची खोली फारच साधी आहे, आणि ती तशीच राहावी असे मला वाटते.

मेदिनेच्या बाहेर पडल्यावर लागतो तो मोठा चौक. ग्रां सोक्को हे त्याचे रूढ नाव, तर ‘९ एप्रिल १९४७ चौक’ हे अधिकृत नाव आहे. १९४७ च्या एप्रिलमध्ये सुलतान मोहम्मद (पाचवे) फ्रेंच आणि स्पॅनिश अमलाखालील प्रदेश ओलांडून इथे आले आणि शेजारच्या मेंदूबिया बागेत त्यांनी मोरोक्कोच्या एकतेविषयी भाषण केले. त्या भाषणात फ्रान्सचे अपेक्षित असलेले आभार त्यांनी मानलेच नाहीत, आणि ते न उच्चारलेले वाक्य साऱ्या देशाने ऐकले. फ्रेंचांनी १९५३ मध्ये त्यांना हद्दपार केले, तरी तीन वर्षांतच मोरोक्को स्वतंत्र झाला. मेंदूबिया बागेत वडाच्या कुळातला एक प्रचंड जुना वृक्ष आहे. भाषणाच्या जागेपेक्षा त्याच्या बुंध्याशी छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी जास्त असते.

हे भाषण टँजिअरमध्येच व्हावे याला कारण होते. १९२३ च्या करारानंतर हे शहर ‘आंतरराष्ट्रीय क्षेत्र’ झाले होते. सुलतानाचे नाव राहिले, पण कारभार अनेक परकीय सत्तांच्या प्रतिनिधींकडे गेला. वेगवेगळ्या देशांची टपाल कार्यालये, खुला चलनबाजार, प्राप्तिकर नाही, आणि या सगळ्यामुळे जमलेले सावकार, तस्कर, हेर आणि लेखक यांच्या कथा ऐकून पाश्चात्त्य प्रवासी अजूनही हळवे होतात. मला या हळवेपणात फारसा रस वाटत नाही. परक्यांच्या त्या मौजेत इथल्या सामान्य माणसाचा वाटा किती होता, हा प्रश्न त्या कथांमध्ये क्वचितच विचारला जातो. तरीही परक्यांनी इथे मागे ठेवलेल्या दोन वास्तू जरूर पाहाव्यात. एक म्हणजे अमेरिकन लेगेशन, म्हणजे अमेरिकेची जुनी वकिलात. सुलतान मौलाय सुलेमान यांनी १८२१ मध्ये अमेरिकेला भेट दिलेला हा वाडा मेदिनेच्या आत, गल्लीवर बांधलेल्या पुलाने जोडलेला आहे, आणि अमेरिकन सरकारची परदेशातली ही पहिली मालमत्ता होय. दुसरी वास्तू म्हणजे ग्रां सोक्कोजवळचे सेंट अँड्र्यूज चर्च. या चर्चचा मनोरा मशिदीच्या मिनाराच्या धाटणीचा असून आतल्या कमानीवर ख्रिस्ती प्रार्थना अरबी लिपीत कोरलेली आहे. मोरोक्कोतल्या बहुतेक मशिदींत बिगर-मुस्लिमांना प्रवेश नाही, त्यामुळे त्या शैलीचे काम आतून निवांत पाहायला हे चर्च चांगले.

चर्चच्या भिंतीलगत गुरुवारी आणि रविवारी जबाला भागातल्या बायका डोंगरातून येऊन भाजी, पुदिना आणि पामच्या पानांवर ठेवलेले ताजे पांढरे चीज विकतात. कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे जाड कापड आणि डोक्यावर लोकरीचे गोंडे लावलेली गवती टोपी असा त्यांचा वेष असतो. त्यांच्यावर न विचारता कॅमेरा रोखू नये, त्यांना ते अजिबात खपत नाही.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची काळजी करू नये. वाळलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांचे बिसारा नावाचे दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड घालून, सकाळी छोट्या दुकानांत गरमागरम मिळते. टँजिअरची खासियत मात्र कालिंते. हरभऱ्याचे पीठ पातळ कालवून ते मोठ्या परातीत भट्टीत भाजतात आणि वर जिरे-तिखट भुरभुरून त्याचे तुकडे कागदावर देतात. थापलेल्या पिठल्याच्या वडीचीच ही दूरची बहीण आहे.

संध्याकाळी बहुतेकांची पावले मार्शान भागातल्या कॅफे हाफाकडे वळतात. १९२१ पासून चालू असलेल्या या चहाच्या ठिकाणी कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या गच्च्या आहेत. पुदिन्याचा चहा भलताच गोड असतो. त्याच्या अलीकडे, त्याच कड्याच्या खडकात कोरलेली, फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या काळापासूनची थडगी आहेत. माणसाच्या मापाचे ते चौकोनी खळगे आता उघडे आहेत, त्यांत पावसाचे पाणी साचते आणि त्यांच्या काठावर बसून तरुण मंडळी सूर्यफुलाच्या बिया खात गप्पा मारतात.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन सूचना. स्पेनहून येताना बोट तारिफाहून घ्यावी, कारण ती थेट शहराच्या बंदरात येते. अल्हेसिरासहून निघणाऱ्या बोटी सहसा चाळीसेक किलोमीटर दूरच्या टँजर मेद या बंदराला लागतात. कासाब्लांकाहून यायचे असेल तर २०१८ मध्ये सुरू झालेली अल् बुराक ही अतिवेगवान रेल्वे सव्वादोन तासांच्या आत टँजिअरला पोहोचवते. स्थानकातून मेदिनेपर्यंत लहान टॅक्सीने जावे आणि बसण्यापूर्वी मीटर चालू आहे ना, ते पाहावे.