घरं बंद का असतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मालवणजवळ आमच्या घरी न्याहारी-निवासाच्या खोल्या आहेत. येणारे पाहुणे पहिल्या दिवशी समुद्र आणि मासे यांत रमलेले असतात. दुसऱ्या दिवशी वाडीतून पायी फिरून येतात आणि जेवताना विचारतात, "वहिनी, इथे इतकी घरं बंद का? सगळं तर आहे तुमच्याकडे. माणसं गेली कुठे?" कुणी वर हेही म्हणतं, की कोकणी माणसाला मेहनत नको, म्हणून तो मुंबईला गेला. हे दुसरं बोलणं मला लागतं. ताटात सोलकढी वाढता वाढता त्याचं उत्तर देता येत नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. आठ तालुके, त्यांतले देवगड, मालवण आणि वेंगुर्ला समुद्रकाठचे. सह्याद्रीच्या कड्यापासून लाटेपर्यंतचं अंतर सरळ मोजलं तर चाळीस-पन्नास किलोमीटर. सकाळी आंबोलीहून निघालेला माणूस जेवायला वेंगुर्ल्याच्या बंदरावर पोचतो. या अरुंद पट्टीत पाऊस तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आंबोलीला तर त्याच्या दुपटीच्या आसपास. हे वाचून घाटावरच्या माणसाला हेवा वाटतो. पण तो सगळा चार महिन्यांत पडतो, आणि पडतो तो कातळावर.

आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एकदा चालून बघा. जांभ्याचा काळा पडलेला, सच्छिद्र दगड, वर माती कुठे चार बोटं, कुठे तीही नाही. श्रावणात त्यावर रानफुलं उमलतात, ते चार आठवडे स्वर्ग असतो. मार्चमध्ये तोच सडा तव्यासारखा तापतो. पाणी जांभ्यातून झिरपून जातं, नाहीतर ओढ्यांतून खाली पळतं. नद्या आखूड. गड काय, कर्ली काय, उगमापासून मुखापर्यंत त्यांना रेंगाळायला जागाच नाही, आणि मुखाकडचा मोठा भाग भरतीबरोबर खारा होतो. म्हणून पावसाळ्यात घराच्या पडवीपर्यंत पाणी येणाऱ्या वाडीत एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. भात पिकतं ते दोन डोंगरांमधल्या मळ्यांत. तेही बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच. जिथे ओढ्याचं पाणी टिकतं तिथे वायंगण, म्हणजे दुसरं, उन्हाळी भात. उतारावर नाचणी, वरी, नंतर कुळीथ. एका घराचं पोट यावर वर्षभर भरत नाही, आणि वाटण्या झाल्यावर तर मुळीच नाही.

पाणी अडवायचं सुचलं नाही असं मात्र नाही. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० सालचा, विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने बांधलेला. दोन डोंगरांमध्ये बांध घातला, काठावर भगवतीचं देऊळ, आणि खाली धामापूर-काळसे गावांची शेती. पावणेपाचशे वर्षं उलटून गेली तरी त्या पाण्यावर बागा उभ्या आहेत. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पाहुण्यांना मी किल्ल्याच्या आधी तिथे पाठवते. आणखी असे पाच-पंचवीस तलाव त्या काळी झाले असते तर या जिल्ह्याची कहाणी वेगळी असती, असं मला मनापासून वाटतं.

आता समुद्राकडे या. जमीन पुरत नव्हती तेव्हा या किनाऱ्याला दर्याने जगवलं. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला. चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. उत्तरेला विजयदुर्गावर आंग्र्यांचं आरमार होतं. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी ते संपवलं. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिच्या भिंती आजही उभ्या आहेत. पुढे १८१२ च्या करारांनी मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ला सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं. तरीही बंदरं चालती होती. बेळगावच्या छावणीचा आणि देशावरचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याला यायचा, तिथून गलबतात चढायचा. हमाल, तांडेल, गाडीवान, वाणी, सगळ्यांच्या चुली त्यावर पेटायच्या.

मग १८८० च्या दशकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या मुरगाव बंदरातून रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला पोचली आणि बेळगाव-धारवाडकडचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याचं महत्त्व उतरलं ते तेव्हापासून. माझ्या मते आमच्या गावांच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण आहे, आणि शाळेत ते कुणी शिकवत नाही. दक्षिणेला गोव्यात रूळ पडले आणि आमच्या बंदरावरची कामं गेली.

त्याच सुमारास मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत होते. पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबाग उभं राहिलं. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आमच्याकडूनही, मुंबईला इतकी माणसं गेली की गिरणगावाची बोली, देवळं, भजनं सगळी कोकणी झाली. त्यात खोती होती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची सत्ता. खोताकडे खंड, म्हणजे पिकातला त्याचा वाटा, भरून उरलेल्या भातावर जगणाऱ्या कुळाला रोख पगार म्हणजे सुटका होती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं ते या कुळांसाठीच. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. दक्षिणेकडे सावंतवाडी संस्थानाची रीत निराळी होती, पण तिथलाही कष्टकरी फार सुखात नव्हता.

जायचा रस्ता पाण्याचाच. आगबोट खोल पाण्यात थांबायची, होडीतून तिथवर जायचं, शिडी धरायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे जूनपासून गावाचा मुंबईशी संबंध फक्त पत्रापुरता. माझे सासरे असेच गेले आणि परळच्या गिरणीत लागले. एका खोलीत एकाच गावची माणसं, पाळीपाळीने झोपायची. एक पाळी उठली की दुसरी त्याच वळकटीवर आडवी. महिन्याला मनीऑर्डर यायची. सासूबाई सांगायच्या, "घोव मुंबयत आणि तरवो माज्या डोक्यार." म्हणजे नवरा मुंबईत आणि तरवा, भाताची रोपं, माझ्या डोक्यावर.

या एका वाक्यात आमच्या जिल्ह्यातल्या बायकांचं निम्मं आयुष्य आलं. तरवा काढायचा, जुड्या डोक्यावरून मळ्यात न्यायच्या, चिखलात ओणवं राहून लावायच्या, गुरं, म्हातारी माणसं, पोरांच्या शाळा, गावकीतलं देणंघेणं, सगळं तिच्याकडे. २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया मोजल्या गेल्या. लोक या आकड्याचं कौतुक करतात. त्यात मोठा वाटा घरातून निघून गेलेल्या पुरुषांचा आहे, हे मी आवर्जून सांगते. त्याच जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली होती. देश वाढत असताना आम्ही कमी झालो.

राहिलेली माणसं कमी म्हणजे काय, ते रापणीवर कळतं. गाबीत या मच्छीमार समाजाची ही जुनी मासेमारी. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगांत ते ओढतात. म्हातारे, बायका, शाळेतून आलेली पोरं. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, मग बांगडे असोत नाहीतर पेडवे. पण रापण ओढायला माणसं लागतात, आणि बाहेर पर्ससीन नेटवाल्या, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या जाळ्यांच्या, मोठ्या बोटी मासा किनाऱ्यापर्यंत येऊच देत नाहीत. यावरून मालवणच्या समुद्रात भांडणं झाली, आंदोलनं झाली. २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. अंमलबजावणी कडक झाली पाहिजे, असं मी तरी उघड म्हणते. रापण गेली तर वाडीतली म्हातारी माणसं हक्काच्या माशाला मुकतील.

आळसाचं म्हणता, तर देवगडला जा. तिथे हापूसच्या बागा आहेत त्या कातळावर आहेत. खड्डा खणता येत नाही, म्हणून सुरुंग लावायचा, दगड बाहेर काढायचा, खालून माती आणून तो खड्डा भरायचा आणि त्यात कलम लावायचं. काढलेल्या दगडाचा गडगा घालायचा. पहिली वर्षं उन्हाळ्यात दर रोपाला पाणी वाहून न्यायचं. ज्यांनी हे केलं ते इथलेच, कोकणीच. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली तेव्हा त्यांच्या मागून आणखी हजारो कुटुंबांनी वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचे, उतार काजू-आंब्याखाली आणले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या काजूच्या जाती, वेंगुर्ला ४ आणि ७, आज इथल्या घराघरांत ओळखीच्या आहेत.

मग तरी घरं बंद का? कारण गेलेली माणसं पूर्ण गेलेली नाहीत. जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला, गिरण्या बुडाल्या, पुढची पिढी डोंबिवली-विरारला सरकली. गावातलं घर मात्र त्यांनी सोडलं नाही. चतुर्थीला बघा. रेल्वेच्या जादा गाड्या भरून चाकरमानी येतात, वाडीतलं एकही दार लावलेलं राहत नाही, रात्रभर भजनं चालतात. गौरी-गणपती गेले की चार दिवसांत पुन्हा कड्या.

आणि कागद हे दुसरं कारण. आमच्या शेजारच्या घराचंच सांगते. चिऱ्याच्या भिंती अजून भक्कम आहेत. पण कौलारू घर दर वर्षी मे महिन्यात शाकारावं लागतं. एक वर्ष राहिलं की फुटक्या कौलातून पाणी रिपांवर उतरतं, वाशांना वाळवी लागते, आणि तिसऱ्या पावसात छप्पर खाली बसतं. ते दुरुस्त का होत नाही? सातबारा सामाईक आहे. पणजोबांच्या नावापुढे चार मुलगे, त्यांचे वारस, लग्न होऊन गेलेल्या मुली, त्यांची मुलं. काही मुंबईत, एक कुटुंब बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. कर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि खर्च एकाने केला तरी घर त्याचं होत नाही. मग प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतो. कोकणातल्या बंद घरांचं मोठं कारण विचारलंत तर मी हेच सांगेन, आणि यावर उपाय आहे. वारस नोंदी वेळच्या वेळी करा, म्हातारी माणसं हयात असताना वाटणीपत्र करा. गावच्या मंडळांनी देवळाच्या जीर्णोद्धाराला जेवढा जोर लावला तेवढा याला लावावा.

पाहुण्यांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आचऱ्याची गावपळण ऐकली की आमची माणसं त्यांना थोडी कळतात. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची आज्ञा, झाला की दर तीन-चार वर्षांनी अख्खं गाव, सगळ्या जातीधर्मांची माणसं, गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. माळावर झावळांच्या राहुट्या, उघड्यावर चुली, रात्री फुगड्या आणि भजनं. गावात चिटपाखरू नसतं. परतायचा कौल मिळाल्याशिवाय कुणी परत फिरत नाही.

आता परत येतात का, हा तुमचा पुढचा प्रश्न. थोडेफार येतात. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण धावू लागली. तिच्यासाठी नाथ पै आणि मधु दंडवते यांनी आयुष्यभर आवाज उठवला आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना महामंडळ झालं. पण रूळ कणकवली-कुडाळकडून गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ला ही जुनी बंदरं स्टेशनपासून पंचवीस ते चाळीस किलोमीटरवर राहिली. जिल्हा १९९७ ला पर्यटन जिल्हा झाला, तारकर्ली-देवबागला घरोघरी खोल्या निघाल्या, चिपीचा विमानतळ २०२१ ला सुरू झाला. आमच्यासारख्यांचं त्यावर चालतं, तरी पावसाळ्याचे महिने कोरडेच. बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. त्यांचीही घरं तिकडे बंद असतील, असं मला त्यांच्या पोरांकडे बघून वाटतं.

दक्षिणेला, बांदा-दोडामार्गकडे, चित्र जरा वेगळं आहे. तिथली मुलं-मुली सकाळी दुचाकीवरून गोव्यात कारखान्यांत, हॉटेलांत, आता मोपाच्या विमानतळावर कामाला जातात आणि रात्री घरी जेवायला येतात. पैसा बाहेरूनच येतो, मनीऑर्डरीच्या काळात यायचा तसाच. पण चतुर्थी संपली म्हणून त्यांच्या दाराला कडी लागत नाही, आणि तरवा लावायला घरात दोघं असतात. मालवणात, देवगडात अशी कामं रोजच्या अंतरावर हवीत: काजू प्रक्रिया, मासळीची शीतगृहं, बोटींची दुरुस्ती, चांगली इस्पितळं. तुमच्यापैकी कुणी असा धंदा काढायचा विचार करत असेल, तर पुढच्या वेळी मे महिन्यात नको, जुलैत या. तेव्हा कोण गावात राहतं, कशावर राहतं, ते नीट दिसेल, आणि बोलायला आम्हालाही वेळ असतो.