आमची वाटचाल : उलटणाऱ्या ठिपक्यांचा भावफलक

लातूरच्या एमआयडीसीतील आमच्या शेडमध्ये बाजारातला भाव दाखवणाऱ्या फलकाची चाचणी सुरू झाली की चकत्यांच्या खडखडाटाने नवा माणूस आजही दचकतो. फलकावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एका बाजूने पिवळी, दुसरीने काळी अशी चकती. तिच्यात कायम चुंबक आणि तिच्यामागे कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, असते. कॉइलला एका दिशेने पल्स, म्हणजे विजेचा क्षणभराचा झटका, दिला की पिवळी बाजू पुढे येते, उलट दिशेने दिला की काळी. एका आकड्याला ३५ ठिपके, चार आकडी भावाला १४०, आणि दर ठिपक्याला प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड, कारण ते नसतील तर प्रवाह शेजारच्या कॉइलमधून वाट काढून भलताच ठिपका उलटवतो. चकत्या सर्वांना दिसतात, पण फलकाची अब्रू कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या मागच्या ट्रान्झिस्टरांच्या हाती असते.

ती अब्रू २०१६ च्या उन्हाळ्यात गेली. शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आवक तुटपुंजी होती आणि आमच्याकडे नवे काम नव्हते. अशा वेळी सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात मिळाल्या म्हणून आम्ही यूएलएन २८०३ या आठ चॅनलच्या आयसींचा सबंध लॉट घेतला. अशा एका चिपमध्ये ट्रान्झिस्टरांचे आठ स्विच असतात आणि एकेक चॅनल ठिपक्यांचा एकेक उभा स्तंभ चालू-बंद करतो. आमचे पहिले गिऱ्हाईक असलेल्या आडतदार काकांच्या फलकावर त्या बसवल्या आणि पंधरवड्यातच एक चॅनल आतून शॉर्ट झाला. स्तंभ बंदच होईना. त्यामुळे कुठल्याही ओळीत पल्स गेला की त्या स्तंभातला ठिपकाही पिवळा होई. फलकावरच्या इंग्रजी आकड्यांत शंभराच्या घरात 3 चा 8 दिसू लागला. तुरीच्या क्विंटलमागे ५०० रुपयांचा फरक म्हणजे काय, हे मोंढ्यात उभे राहिलेल्यालाच कळेल.

व्यापाऱ्याने हात झटकले. त्याच आठवड्यात एका एलईडीवाल्या स्पर्धकाने आमच्या चुकलेल्या फलकाचा फोटो दुकानोदुकानी दाखवला. वीज गेली की त्याचा फलक काळा पडतो आणि आमच्यावर शेवटचा भाव तसाच राहतो, हे मात्र त्याने कोणाला सांगितले नाही. मला अजून त्याचा राग आहे.

घरी आणून आयसीवर ॲसिटोनचा बोळा फिरवला, तर छापील अक्षरे पुसली गेली आणि खाली दुसरीच निघाली. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी विचारले नसले तरी सांगतो : दर लॉटमधली एक आयसी अशी घासून पाहा, आणि सोल्डर करण्याआधी प्रत्येक चॅनलवर खरी कॉइल जोडून तो नुसता चालू होतो की बंदही होतो, हे तपासा. मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका.

काका मात्र एवढेच म्हणाले, “फळा काढायचा नाही. तीनचा तीन दिसेपर्यंत मी हाताने लिहितो.” आम्ही सर्व आयसी बदलल्या, दोन रात्री डायोड तपासले. दिवाळीत त्यांनी राहिलेली रक्कम चुकती केली. त्यातून आठ दिवसांच्या खडूचे पैसे तेवढे वजा केले.