तिकिटं भिजवली, पण काकांचा गोंद सुटेना

बाबांच्या ट्रंकेत जुन्या पत्रांचा गठ्ठा निघाला तेव्हा वाटलं, एका रविवारचं काम आहे. पाकिटांचे कोपरे कापायचे, पाण्यात टाकायचे, सुटलेली तिकिटं वाळवून अल्बममध्ये लावायची. आणि खरंच, दोनशेपैकी दीडशेच्या वर तिकिटं त्या एकाच रविवारी सुटली. परातीत कोमट पाणी, वीसेक मिनिटं धीर, की तिकीट बोटाने ढकललं तरी सरकतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते उरलेल्या चाळीस तिकिटांबद्दल, म्हणजे माझ्या इचलकरंजीच्या काकांबद्दल.

काकांना सुतारकामाची हौस. घरात पांढऱ्या गोंदाचा डबा कायम उघडा. पोस्टाच्या तिकिटामागच्या सरकारी गोंदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येक तिकिटाखाली ते खुर्चीचा पाय जोडल्यासारखा गोंद थापायचे. त्यात ही पत्रं नेमकी 1972 मधली. नोव्हेंबर 1971 ते मार्च 1973 या काळात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. त्यामुळे काकांच्या प्रत्येक पाकिटावर नॅट या लढाऊ विमानाचं चित्र असलेलं वीस पैशांचं तिकीट आणि शेजारी कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' छापलेलं पाच पैशांचं, अशी जोडी. म्हणजे गोंदही दुप्पट.

पहिला तास काहीच झालं नाही. दुसऱ्या तासाला कागदाचा लगदा झाला आणि तिकिटामागे दुधाळ, रबरासारखा थर तसाच राहिला. डिंक किंवा खळ पाण्यात विरघळते, हा गोंद नुसता फुगतो. मी पाणी गरम केलं. मग अजून गरम. मग घाई झाली आणि एका नॅट विमानाचा कोपरा धरून ओढलं. विमानाची शेपटी कागदावर राहिली, बाकीचं माझ्या हातात आलं. तिकीट कागदापासून ओढायचं नसतं, कागद तिकिटापासून सोलायचा असतो, हे मी त्याच सकाळी बायकोला समजावून सांगितलं होतं. ती काही बोलली नाही, फक्त परात परत मागितली. (तिकिटांसाठी वेगळं भांडं घ्या. कणकेची परात नको.)

रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी एकेक तिकीट पालथं करून काचेवर ठेवलं आणि ओल्या बोटाने मागचा लगदा गोलगोल चोळत बसलो. त्याच्या शेवया पडतात. कागद संपला की गोंदाचा थर लागतो. तो मऊ असतानाच अंगठ्याने एका बाजूने गुंडाळत न्यायचा. थंड झाला की पुन्हा चिवट, पुन्हा गरम पाणी. एका तिकिटाला दहा-बारा मिनिटं. जास्त चोळलं तर तिकिटाचाच कागद मागून पातळ होतो, आणि उजेडासमोर धरलं की तेवढाच भाग फिकट दिसतो. अशी चार गेली. कोणीतरी व्हिनेगर सुचवलं. गोंद लवकर मऊ झाला हे खरं, पण छपाईचा रंग उतरेल या भीतीने एकावरच थांबलो.

तिसऱ्या दिवशी वैतागून काकांना फोन लावला. वय चौऱ्याऐंशी, आवाज खणखणीत.

"काका, तुमची तिकिटं निघत नाहीत हो."

"निघणार कशी? चांगला गोंद होता तो."

"पण पोस्टाच्या तिकिटाला कशाला?"

"अरे, तिकीट वाटेत पडलं की पत्र नॉटपेड. कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे तुझ्या बापाच्या खिशातून. एकदा झालं होतं तसं. महिनाभर बोलला नाही माझ्याशी."

यावर काय बोलणार?

तेवढ्यात आठवलं म्हणून सांगतो: गडद लाल किंवा रंगीत पाकिटांचे तुकडे वेगळे भिजवा, रंग सुटतो आणि शेजारच्या तिकिटांचे कागद गुलाबी होतात. कॉपिंग पेन्सिलचं लिखाण असेल तर तो तुकडा पाण्यात टाकूच नका. एका पाकिटावर पोस्टमनने काहीतरी टिपलेलं होतं. कोरडं असताना साधं करडं, पाणी लागताच जांभळं, आणि पाच मिनिटांत अख्खी परात जांभळी. सुटलेली तिकिटं दुसऱ्या स्वच्छ पाण्यातून काढून टीपकागदावर पालथी घाला, वर्तमानपत्राची शाई लागते. आणि वाळत घातल्यावर पंखा लावू नका. कपाटाखालून मी अजून तिकिटं काढतोय.

अमेरिकेतल्या आतेबहिणीच्या पाकिटांवरची 'फॉरेव्हर' तिकिटंही भिजवून पाहिली. ती स्टिकरसारखी असतात, पाण्याने त्यांचा चिकटपणा जात नाही. पांढऱ्या पेट्रोलने सुटतात म्हणे, मागे पावडर लावायची. पण आमच्या स्वयंपाकघरात, गॅसशेजारी, ते आणायची परवानगी मिळाली नाही. त्यामुळे कडेने दोन-तीन मिलिमीटर कागद ठेवून कापली आणि तशीच अल्बममध्ये लावली. बरेच संग्राहक तसंच करतात, हे मला नंतर कळलं.

नंतर कळलेली दुसरी गोष्ट जास्त लागली. एका जुन्या संग्राहकाला मोठ्या अभिमानाने काकांची तिकिटं दाखवली. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "पाकिटं कुठेत?" दोन्ही तिकिटं, इचलकरंजीचा तारखेचा स्वच्छ शिक्का आणि पत्ता, असं अख्खं पाकीट ठेवायचं असतं म्हणे. माझ्या सुट्या तिकिटांसारखी कुठेही ढिगाने मिळतात. पहिल्याच रविवारी, सगळ्यात सोपं काम म्हणून, मी कात्री घेऊन वीसच्या वीस कोपरे कापून टाकले होते.

घरी येऊन ट्रंक पुन्हा उपसली. तळाशी, बाबांच्या विम्याच्या कागदांत, काकांचं एक पाकीट न कापलेलं निघालं. तिकिटांच्या कडेने वाळलेल्या गोंदाचा पिवळट थेंब आहे, त्यात बोटाचा ठसाही उमटलाय. ते मी प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून वरच्या कप्प्यात ठेवलंय, परातीपासून लांब.